भुईमूग पिवळा का पडला, आणि आम्ही त्याला आणखी पिवळा कसा केला

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या पट्टीतला भुईमूग असा पिवळा पडला होता की रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी हळू करून विचारायचा, काय ओ, झेंडू लावलाय का. आप्पा आधी हसून घ्यायचे, मग चौथ्या-पाचव्या माणसानंतर बांधावर थांबायचंच बंद केलं त्यांनी.

आमचं रान फलटण तालुक्यात, कॅनॉलच्या खालच्या अंगाला. अडीच एकर. वरचा एक एकर मुरमाड, खालचं दीड एकर काळं पण त्या काळ्यात पांढरे खडे इतके की नांगरट झाली की लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणी मुरमुरे सांडलेत. चुनखड. लहानपणी आम्ही ते खडे लिंबाच्या रसात टाकून फसफसवायचो, सोडा वॉटर म्हणून. तेव्हा कुणाला माहिती होतं की हेच खडे पुढं जाऊन असे महागात पडणार.

मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार गावी. त्यामुळे पीक मला रोज दिसत नाही, आठवड्याला एकदा दिसतं, आणि त्याचा एक फायदा असा की फरक एकदम डोळ्यात भरतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकण केली होती, टॅग-२४ वाणाची, उगवण एक नंबर. वीस-बावीस दिवसांनी गेलो तेव्हा खालच्या पट्टीत शेंड्याकडची पानं जरा फिकी वाटली. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "आरं ऊन वाढलंय, पाणी कमी पडलंय त्याला." मी म्हटलं बरोबर असेल, मला काय कळतंय. त्यांनी दोन दिवसाआड दारं धरायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी गेलो तर फिकं नव्हतं, पिवळं होतं. मग म्हणे नत्र कमी पडलं, युरिया टाकला, एकरी अर्धं पोतं, आणि वरून परत पाणी. त्याच्या पुढच्या शनिवारी शेंड्याची पानं पिवळीसुद्धा नाही, पांढरट, कागदासारखी, कडा करपायला लागलेल्या. म्हणजे आम्ही दर आठवड्याला त्याला औषध म्हणून जे जे देत होतो ते सगळं त्याच्या मुळावर येत होतं, अक्षरशः मुळावर.

शेजारचे तात्या येऊन बघून गेले, म्हणाले व्हायरस हाय, उपटून टाका. मग आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात दोन डहाळ्या पिशवीत घालून घेऊन गेलो. दुकानदाराने पान धड बघितलंही नाही, मागच्या फळीवरून एक डबा काढला आणि सांगितलं की हे एकरी एक लिटर पाण्यातून सोडा, जमिनीतली चुनखडी विरघळून खाली निघून जाते. डब्याची किंमत मी लिहीत नाही कारण हे घरी बायको पण वाचते.

आता ह्या डब्याचं गणित मी नंतर बसून केलं, आधी करायला हवं होतं. एक एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन धरा साधारण ९ लाख किलो. आमच्या मातीत मुक्त चुना १४ टक्के निघाला (तो रिपोर्ट कसा आला ते पुढं सांगतो), म्हणजे एका एकरात नुसत्या वरच्या थरात सव्वाशे टनांच्या वर चुना. तो जर गंधकाने मारायचा म्हटलं तर शंभर किलो चुन्याला ३२ किलो शुद्ध गंधक लागतं, म्हणजे एकरी ४० टन गंधक. दोन-तीन ट्रक भरून! आणि हा माणूस मला एक लिटरचा डबा देतोय. तर जो कोणी तुम्हाला चुनखडी काढून देतो म्हणेल त्याला एवढंच विचारा की भाऊ किती टन काढणार आणि ठेवणार कुठं. चुनखडीची जमीन ही चुनखडीचीच राहणार, आपल्या नातवंडांच्या काळातही, तिच्यात राहून पीक कसं काढायचं एवढंच आपल्या हातात आहे.

खरी गोष्ट मला कळली ती एका हिरव्या गोलामुळे. खालच्या पट्टीत मधोमध, सगळं पिवळं असताना, साधारण माझ्या पुण्यातल्या हॉलएवढा एक गोल हिरवागार होता. म्हणजे असा हिरवा की त्याच्या कडेला उभं राहिलं तर एक पाय हिरव्यात एक पाय पिवळ्यात. तेच बी, तेच पाणी, तोच युरिया. मी आप्पांना विचारलं हितं काय येगळं केलंत, तर ते म्हणाले काही नाही. आई खुरपत होती, ती मान वर न करता म्हणाली, "आरं तिथं आपला उकिरडा न्हवता का दोन वर्षं." गोठा हलवला तेव्हा शेणाचा ढीग तिथं पडून होता. बास, तिथून माझी ट्यूब पेटली आणि मी पुण्यात येऊन चार रात्री हेच वाचत बसलो, एका कृषी महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांना फोन करून त्यांचं डोकं खाल्लं ते वेगळंच.

तर प्रकार असा आहे. ही लोहाची कमतरता. पण जमिनीत लोह कमी नसतं. आमच्या मृद आरोग्य पत्रिकेत लोह पुरेसं म्हणून लिहिलेलं, ५ पीपीएमच्या आसपास, साडेचारच्या खाली गेलं तर कमी समजतात. म्हणजे कागदावर आम्ही पास. पण चुनखडीत सामू, म्हणजे पीएच, सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान अडकून बसतो, आमचा ८.३, आणि सामू एक आकडा वाढला की पाण्यात विरघळलेलं लोह जवळपास हजार पटीने कमी होतं. गंजलेला खिळा पाण्यात टाकून ते पाणी प्यायल्यासारखं आहे, लोखंड आहे पण पोटात काय जाणार. आणि त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र स्फुरद पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, पण त्यात मुक्त चुना नाही! ते मला सरांनी सांगितलं. मुक्त चुना वेगळा तपासून घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत माती देताना तोंडाने सांगावं लागतं की चुना पण बघा. आम्ही तसा बघून घेतला तेव्हा ते १४ टक्के कळलं. पाचच्या पुढं गेलं की जपायला लागतं, दहाच्या पुढं भुईमूग हमखास पिवळेपणा दाखवतो असं सर म्हणाले, आणि आमचा अनुभव तर तोच.

भुईमुगाची मुळी बिचारी तशी हुशार असते. लोह कमी पडलं की ती स्वतःभोवती आम्ल सोडते, आणि मातीतल्या गंजलेल्या लोहाचं पिकाला घेता येईल अशा लोहात रूपांतर करते, मग आत ओढते. पण चुनखडीच्या रानात पाणी जास्त झालं, हवा कोंडली, की मातीत बायकार्बोनेट वाढतं, आणि ते बायकार्बोनेट मुळीने सोडलेलं सगळं आम्ल तिथल्या तिथं मारून टाकतं. आम्ही लहानपणी लिंबाच्या रसात खडा टाकायचो ना, तेच, फक्त इथं लिंबू मुळीचं. आता विचार करा, आमचं खालचं रान, वरून कॅनॉलचा पाझर, त्यात आप्पा दोन दिवसाआड पाणी देतायत, आणि विहिरीचं पाणी असं की चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, ठिबकच्या नळ्या वर्षात चोक होतात. म्हणजे आम्ही बायकार्बोनेट वरूनही ओतत होतो आणि खालूनही तयार करत होतो. पिकाला तहान लागलीय म्हणून पाणी देत होतो, आणि त्या पाण्यानेच त्याच्या तोंडचा घास जात होता.

उकिरड्याच्या जागी काय झालं तर कुजलेल्या शेणातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या हाती लागू देत नाहीत, शिवाय तिथली माती भुसभुशीत, पाणी साचत नाही. एवढंच.

बरं, ओळखायचं कसं हे जरा नीट सांगतो कारण व्हायरस, नत्र, गंधक ह्यात आमचाच सगळा गोंधळ झाला होता. लोह झाडात एकदा जिथं बसलं तिथून हलत नाही, म्हणून जुन्या पानातलं लोह नव्या पानाला मिळत नाही, म्हणून पिवळेपणा शेंड्याला आधी येतो. पान हातात घेऊन उजेडाकडे धरा, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, अगदी पेनाने रेघा मारल्यासारखं दिसतं. नत्र कमी असेल तर उलटं, खालची जुनी पानं आधी पिवळी, कारण नत्र झाड खालून काढून वर नेतं. गंधक कमी असेल तर पिवळेपणा नव्याच पानाला पण शिरांसकट, पान एकसारखं फिकं. जस्त कमी असलं की पानं बारीक राहतात, पेरं आखूड, शेंडा गुच्छासारखा. आणि व्हायरस पट्टी बघून येत नाही, एखादं झाड इथं एखादं तिथं असं असतं. आमच्यात तर सखल भाग पूर्ण पिवळा, पाटाच्या कडेने सगळ्यात जास्त, मुरमाड पट्टी हिरवी. रानाचा नकाशाच काढून दिला होता पिकाने, आम्हीच वाचला नाही.

अजून एक. एक झाड हळूच उपटून मुळाच्या गाठी बघा. पिवळ्या पट्टीतल्या झाडाला गाठी कमी आणि बारक्या, नखाने फोडली तर आत पांढरट-हिरवट. उकिरड्यातल्या झाडाच्या गाठी फोडल्या तर आत लालसर, रक्तासारखं नखाला लागतं. तो लाल रंग पण लोहाचाच, गाठीत जे नत्र बांधायचं काम चालतं त्याला लोह लागतं. म्हणजे लोह नाही तर गाठी नाहीत, गाठी नाहीत तर नत्र पण नाही, मग खालची पानं पण पिवळी पडायला लागतात आणि माणूस युरिया टाकतो. आप्पा अगदीच चुकले होते असं नाही, नत्र खरंच कमी पडलं होतं, फक्त ते का कमी पडलं ते युरियाला माहिती नव्हतं. युरियाचं पुढं मातीत नायट्रेट होतं, आणि मुळी नायट्रेट घेते तेव्हा भोवतीचा सामू आणखी वर ढकलते.

पान तपासणीला पाठवायचा विचार होता, पण सर म्हणाले नको, पिवळ्या पानात एकूण लोह कधी कधी हिरव्या पानाइतकंच निघतं, पण ते पानाच्या आत निष्क्रिय पडलेलं असतं, साध्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात. पैसे वाचले.

मग फवारणी. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर दिसणारं, पण ह्यात पण मी आधी माती खाल्ली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. मी काय केलं, बादलीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात हिराकस टाकली आणि ढवळलं. आधी फिकट हिरवं, मग चहासारखं, आणि मी नोझल साफ करून येईपर्यंत तांबूस गाळ खाली बसलेला. नोझल दोन ओळीत बंद. ते फवारलं काय आणि नाही काय सारखंच, कारण जे लोह पान घेऊ शकतं त्याचा गंज झालेला, आमच्याच पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे. जे मातीत होतं तेच बादलीत होऊन दाखवलं. खरं म्हणजे आधी पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड टाकायचं, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे पंपाला १५, ते विरघळलं की मग हिराकस, आणि लगेच फवारायचं, सकाळचं द्रावण संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. आणि हिराकस घेताना पुडी उघडून बघा, हिरवट स्फटिक असले तर ताजी, पिवळट-तपकिरी पीठ झालं असेल तर तो गंजच आहे, दुकानातच ठेवून या. आमच्याकडे पाणी फारच जड म्हणून मी सायट्रिक जरा वाढवलं, द्रावण हिरवट आणि नितळ राहिलं की समजायचं जमलं.

दुपारी फवारू नका. मी रविवारी परत पुण्याला निघायचं म्हणून बारा वाजता एक पंप मारला, तेवढ्या पाच ओळींची पानं डागाळली. संध्याकाळी चारनंतर, स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं) घालून. चौथ्या दिवशी आईने व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं, "हे बघ ठिपके ठिपके आल्यात." पिवळ्या पानावर जिथं जिथं थेंब पडला होता तिथं हिरवा ठिपका! मला इतका आनंद झाला की ऑफिसमधल्या शेजारच्याला स्क्रीनशॉट दाखवला, त्याला काय कळणार. लोह पानातल्या पानातही फार सरकत नाही त्याचाच हा पुरावा, आणि म्हणून एका फवारणीत भागत नाही, आठ-दहा दिवसांनी नवं पान आलं की ते परत पिवळंच येतं, त्याला परत. आम्ही तीन फवारण्या केल्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा तयार ग्रेड-२ पण फवारणीसाठीच असतो, त्यात लोह आहे, पण नुसत्या लोहाचा प्रश्न असेल तर हिराकस आणि सायट्रिक पुरतं, उगाच पाचसहा गोष्टी एकत्र करून पंपात घालायची गरज नाही.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं लोह, म्हणून जे मिळतं त्यात दोन जाती, आणि इथं बहुतेक लोक फसतात. एक ईडीटीए, त्यात लोह १२ टक्के, दुसरं ईडीडीएचए, त्यात ६ टक्के. माणूस म्हणतो १२ वालं चांगलं आणि स्वस्त पण. पण ईडीटीए सामू सातच्या आसपास गेला की लोह सोडून कॅल्शियमला धरतं, आणि आमच्या रानात कॅल्शियमला काय तोटा. म्हणजे चुनखडीच्या मातीत ईडीटीए सोडणं म्हणजे पैसे पाटात सोडणं. फवारायला ते चालतं, मातीत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए, ते सामू नऊपर्यंत लोह सोडत नाही, पण ते इतकं महाग की डाळिंब-द्राक्षवाल्यांना परवडेल, भुईमुगाला नाही. माझं तरी हे मत.

पाण्याचं मात्र आप्पांना पटवायला वेळ लागला. मी म्हटलं आप्पा, आठ-नऊ दिवस पाणी देऊ नका. ते असे बघायला लागले की जसं मी म्हटलं म्हशीला वैरण टाकू नका. "उन्हाळ्यात? भुईमुगाला? खुळा झालास काय?" शेवटी तह झाला, अर्ध्या पट्टीला त्यांच्या मनाने, अर्ध्या पट्टीला माझ्या. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निघून माती भुसभुशीत ओली झाल्याशिवाय, पाणी नाही, एवढीच माझी अट. बारा दिवसांनी माझी बाजू न फवारताही नवी पानं बऱ्यापैकी हिरवी टाकायला लागली. त्यांनी तोंडाने कबूल केलं नाही पण पुढच्या पाळीला त्यांच्या बाजूचं दारं पण उशिरा उघडलं, हे मला आईकडून कळलं. फक्त एक, ह्याचा अतिरेक करू नका, आऱ्या (फुलानंतर जमिनीत घुसणारे दांडे, त्यांच्या टोकाला शेंग धरते) सुटायला लागल्या की जमीन टणक व्हायला नको, आरी जमिनीत घुसलीच नाही तर शेंग कुठं धरणार. ओल हवी, चिखल नको. हे सांगायला सोपं आणि पाटपाण्याने करायला अवघड आहे, विशेषतः लाइटची पाळी रात्रीची असली की माणूस दारं उघडून झोपी जातो, आणि सकाळी तळं.

म्हणून यंदा आम्ही खालच्या पट्टीत गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, केले आणि वर तुषार सिंचन बसवलं. सपाट वाफ्यातलं पाणी मुळीपाशी तुंबतं, गादीवर तुंबत नाही, हा सगळ्यात मोठा फरक पडला, फवारणीपेक्षाही मोठा.

खतात पण बदल केला. आधी आम्ही डीएपी, म्हणजे स्फुरद भरपूर असलेलं खत, टाकायचो, आणि टाकायचो म्हणजे सढळ हाताने. भुईमुगाला शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १० आणि २०. जास्त स्फुरद झालं की ते लोह आणि जस्त दोघांनाही अडवतं, आणि चुनखडीत बरंचसं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जाऊन बसतं म्हणून माणूस आणखी टाकतो. यंदा एकरी सिंगल सुपर फॉस्फेट अडीच पोती आणि युरिया २०-२२ किलो, तेवढ्यात हिशोब बसतो, आणि सुपरमधून गंधक फुकट मिळतं. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळावर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू, लावलं, १० किलोला एक पाव किलोचं पाकीट, गुळाच्या पाण्यात, सावलीत सुकवून, बुरशीनाशक आधी आणि हे शेवटी.

शेणखत दोन ट्रॉल्या, आणि त्यातल्याच एका ढिगात एकरी १० किलो हिराकस, ८ किलो जस्त सल्फेट आणि ८ किलो गंधक पावडर मिसळून, पाणी मारून महिनाभर झाकून ठेवलं, मग पेरणीच्या ओळीत दिलं. हिराकस नुसती मातीत फेकली तर दोन दिवसांत गंज होतो, शेणात मुरवली तर टिकते. आठ किलो गंधकाने सव्वाशे टन चुना मरणार नाही हे वर सांगितलंच, पण ओळीत, मुळीच्या जवळ, तेवढ्यापुरता आंबटपणा येतो. पूर्ण रान बदलायचं नाहीये, चार बोटं जागा बदलायची आहे.

जिप्समवरून घरात भांडण झालं. आप्पा म्हणाले, चुनखडीच्या रानात जिप्सम म्हणजे मिठाच्या आगरात मीठ टाकायचं. ऐकायला एकदम बरोबर. भुईमुगाची शेंग कॅल्शियम मुळीकडून घेत नाही, स्वतःच्या टरफलातून, वरच्या दोन-तीन इंच मातीतून घेते, म्हणून आऱ्या सुटताना जिप्सम देतात, नाहीतर शेंगा पोचट. पण आमच्यासारख्या रानात त्या कॅल्शियमची अडचण सहसा येत नाही, आप्पा तिथं बरोबर. मी टाकलं ते गंधकासाठी, जिप्सममध्ये कॅल्शियम २३ टक्के तर गंधक पण १८ टक्के असतं, आणि तेलाच्या पिकाला गंधक लागतंच. पण सुपरमधून गंधक जात असेल तर जिप्सम कमी केलं तरी चालतं, आम्ही एकरी चार पोत्यांची दोन केली, आऱ्या सुटताना. भांडण मिटलं. चोपण रानाची, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीची, गोष्ट वेगळी, तिथं सोडियम हटवायला जिप्सम टनाने लागतं, तात्या तेच कुठंतरी ऐकून आम्हालाही टनाने टाका म्हणून सांगत होते. चोपण आणि चुनखड ह्यात लोक फार गल्लत करतात.

बोरॉनचं एका ओळीत सांगतो, शेंग फोडून दाणा दोन भाग केला आणि मध्ये तपकिरी खळगा दिसला तर बोरॉन कमी, आमच्यात दिसला नाही म्हणून दिलं नाही, आणि हे अंदाजाने देऊ नये, जरा जास्त झालं तरी पीक जळतं.

एक प्रयोग मला फार आवडला. चीनमध्ये चुनखडीच्या जमिनीवर भुईमुगात मका घेतात आणि मक्याशेजारचा भुईमूग हिरवा राहतो असं तिथल्या लोकांनी तपासून दाखवलंय. मका गवताच्या जातीतला, त्याची मुळी आम्ल सोडत बसत नाही, ती एक असा पदार्थ सोडते जो गंजलेल्या लोहालाच सरळ धरून आणतो, चुना असो नाहीतर नसो, आणि शेजारच्या भुईमुगालाही त्यातलं मिळतं. आमच्या गावात जुनी माणसं भुईमुगाच्या कडेने मक्याच्या ओळी टाकायचीच, ती कणसं भाजून खायला! मी यंदा एका गादीआड दोन ओळी मका टाकला. मक्याला लागून असलेली ओळ खरंच हिरवी राहिली, दुसरी ओळ जरा कमी, चौथीत काही फरक नाही. पण सावलीमुळे त्या पहिल्या ओळीच्या शेंगाही कमी भरल्या. म्हणजे पान खूश, शेंग नाराज. पुढच्या वेळी मका लांब लांब टोकून बघणार आहे, आणि कणसं लवकर मोडून घ्यायची.

वाणाचं पण बघतोय. सगळे वाण सारखे पिवळे पडत नाहीत, इक्रिसॅट ह्या पीक संशोधन संस्थेचं आयसीजीव्ही ८६०३१ म्हणून एक वाण लोहाच्या पिवळेपणात तग धरतं असं सरांनी सांगितलं, बी मिळतंय का विचारतोय. तोपर्यंत टॅग-२४ च, कारण बाजार त्याला आहे.

यंदा खालच्या पट्टीत दोनच फवारण्या लागल्या, त्या पण पहिल्या महिन्यात. गेल्या साली त्याच पट्टीत शेंगांची पोती मोजायला आप्पा आलेच नव्हते, यंदा स्वतः काट्याजवळ बसून होते. फक्त पाटाच्या कोपऱ्यातले आठ-दहा गुंठे, जिथं कॅनॉलचा पाझर बारा महिने असतो, तिथं गादी केली, शेण टाकलं, फवारलं, तरी पिवळं ते पिवळंच. काढणीनंतर आप्पा तिथं उभे राहून बराच वेळ बघत होते, मला वाटलं आता परत पाण्याचा विषय निघणार. तर म्हणाले, "ह्यो कोपरा आता मक्यालाच. म्हशी तरी खातील."